तोट्या, हौद आणि उंबरठा : शालेय गणितातल्या मांडणीविषयी

एक तोटी हौद सहा तासांत भरते. दुसरी तोटी भरलेला हौद आठ तासांत रिकामा करते. दोन्ही तोट्या एकदम सोडल्या, तर रिकामा हौद किती वेळात भरेल? मराठी शाळेतून गेलेल्या कुणालाही हे उदाहरण नवे नाही. उत्तर चोवीस तास. सहाचा एक भाग वजा आठाचा एक भाग, म्हणजे चोविसाचा एक भाग, झाले.

पण हेच उदाहरण एखाद्या लघुकथेसारखे वाचून पाहावे. दोन्ही तोट्या एकदम कुणी सोडल्या? का सोडल्या? चोवीस तास पाणी वाहून चालले आहे आणि घरातले कुणी तोटी बंद करायला उठत नाही. कथेत पात्र नाही, हेतू नाही, ऋतू नाही. बाप-लेकाच्या वयाच्या उदाहरणात बापाचे वय मुलाच्या तिप्पट असते आणि पाच वर्षांपूर्वी ते चौपट होते. या घरात वयाखेरीज कशाचीच चर्चा होत नाही. प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव कधी थकत नाही. बारा मजूर जे काम दहा दिवसांत करतात ते एकशेवीस मजूर एका दिवसात करतात, मग ते काम विहीर खणण्याचे का असेना, आणि त्या विहिरीत एकशेवीस माणसे उभी कशी राहणार, हे विचारायचे नसते.

नववी-दहावीला गणित शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली. या काळात मी शाब्दिक उदाहरण या गद्यप्रकाराचा नाइलाजाने का होईना, नेमाने वाचक झालो. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. महाराष्ट्रातली बहुतेक माणसे कादंबरी वाचण्याआधी आणि कादंबरी वाचणे सोडून दिल्यानंतरही जे गद्य वाचतात, त्यात या प्रकाराचा वाटा मोठा आहे. या गद्याने वाचकाला काय सवय लावली, हा माझा प्रश्न आहे. आणि गणिती प्रतिमान शिकवण्याचा जो आग्रह अलीकडे माध्यमिक शाळेपर्यंत येऊन पोचला आहे, त्याने ही सवय मोडते का, हा त्याला जोडून आलेला दुसरा.

आपल्या भाषेने या बाबतीत एक सोय करून ठेवली आहे. आपण ‘गणित मांडतो’ आणि ‘गणित सोडवतो’. ही दोन निराळी कामे आहेत हे भाषेला ठाऊक आहे. मांडणे म्हणजे गोंधळाच्या परिस्थितीतून काय घ्यायचे आणि काय सोडायचे ते ठरवणे, कशाला क्ष म्हणायचे ते ठरवणे, कोणती गोष्ट स्थिर आहे असे धरून चालायचे ते ठरवणे. सोडवणे त्यानंतरचे. शाब्दिक उदाहरणात मांडणीचे नव्वद टक्के काम लेखकाने आधीच उरकलेले असते. हौदाच्या उदाहरणातली प्रत्येक संख्या वापरायची असते, एकही जादा नसते, एकही कमी नसते. विद्यार्थी हे फार लवकर ओळखतो. मग तो वाचतो ते हौदासाठी नव्हे, ‘तिप्पट’, ‘एकदम’, ‘उरले’, ‘प्रत्येकी’ असल्या खुणांसाठी. शेवटी ताळा करतो, पण ताळा समीकरणाशी असतो. हौदाशी ताळा करण्याची पद्धत नाही.

या सवयीचे दाखले जगभर गोळा केले गेले आहेत. फ्रान्समध्ये ग्रनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासगटाने १९८० च्या सुमारास लहान मुलांना एक प्रश्न घातला : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या संख्यांची काही ना काही आकडेमोड करून वय काढून दाखवले. कप्तानाच्या वयाची ही थट्टा मुळात कादंबरीकार फ्लोबेरची. एकोणिसाव्या शतकात त्याने बहिणीला लिहिलेल्या पत्रात ती आहे. पुढे स्टेला बारुक या शिक्षिकेने १९८५ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले. गणितशिक्षणातल्या एका गाजलेल्या चर्चेचे मूळ एका कादंबरीकाराच्या टवाळीत सापडावे, हे मला योग्यच वाटते. गद्यातली लबाडी गद्यकारालाच आधी दिसणार.

दुसरा दाखला अमेरिकेतला. १९८० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते : एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, १,१२८ सैनिकांना न्यायचे आहे, तर बस किती लागतील? सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. पण ‘३२ बस’ हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिले. २९ टक्के मुलांनी लिहिले, ‘३१, बाकी १२’. बाकी बारा सैनिक कुठे उभे राहिले, याची चौकशी त्यांनी केली नाही. बेल्जियममधल्या अभ्यासकांनी पुढच्या दशकात असेच प्रश्न रचले : एक धावपटू १०० मीटर १७ सेकंदांत धावतो, तर एक किलोमीटर किती वेळात धावेल? बहुतेक सगळी मुले १७० सेकंद म्हणाली. यातल्या प्रत्येक मुलाला पळून दम लागलेला असणार. मैदानावरचा दम वर्गात आणायचा नसतो, हे त्यांना शाळेने शिकवले होते.

मुले मठ्ठ आहेत असे या आकड्यांवरून म्हणणारे चुकतात. मुलांनी या गद्यप्रकाराचे नियम अचूक ओळखलेले आहेत. परीकथेत बेडूक बोलतो तेव्हा आपण हरकत घेत नाही, तसे हौद चोवीस तास वाहू लागला तर विद्यार्थी हरकत घेत नाही. अडचण अशी की परीकथा संपल्यावर बेडूक बोलत नाही हे आपल्याला पुन्हा आठवते. शाब्दिक उदाहरण संपल्यावर हौद वाहतो कसा, हे आठवून देणारा तास वेळापत्रकात नसतो.

शाब्दिक उदाहरणावर सरसकट आगपाखड करावी असेही मला वाटत नाही. आपल्याकडे या प्रकाराची परंपरा थोर आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे सापडलेल्या, १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे हे पुस्तक खानदेशात पाठ्यपुस्तक म्हणून चालत होते. पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने ते फारसीत नेले. त्यातले मोर आणि सापाचे उदाहरण घेऊ. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. साप बिळापासून खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हातांवर आहे आणि बिळाकडे येतो आहे. मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? उत्तर बारा हात. दोघेही पंधरा हात जातात.

हे उदाहरण मी वर्गात अनेकदा घेतले आहे आणि दर वेळी त्यातली एक गोष्ट मला नव्याने आवडते. दोघांची चाल सारखी, ही अट आचार्यांनी श्लोकातच घातली आहे. मोर सापापेक्षा चपळ असतो हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. गणित ज्या अटीवर उभे आहे ती अट त्यांनी उघड्यावर ठेवली. हौदाच्या उदाहरणात अशीच अट दडलेली आहे, ती कुणी सांगत नाही. मोराच्या बाबतीत आणखी एक अट शिल्लक राहते आणि ती मुलांकडून काढून घेण्यात मजा येते : साप कुठे पोचणार हे मोराला आधीच कळलेले आहे, म्हणून तो सरळ रेषेत त्या बिंदूकडेच झेपावतो. मोराने सापावर नजर ठेवून क्षणोक्षणी त्याच्याच दिशेने झेप वळवली, तर त्याचा मार्ग वक्र होईल. अशा पाठलागाच्या वक्राचे गणित फ्रान्समध्ये पिएर बुगे याने १७३२ साली मांडले आणि ते नववीच्या आवाक्यात येत नाही. पण ‘मोर आधी हिशेब करून उडतो का?’ हा प्रश्न नववीच्याच काय, पाचवीच्याही आवाक्यात येतो. गणिती प्रतिमान शिकवणे म्हणजे मुख्यतः अशा प्रश्नांना वर्गात जागा देणे, असे माझे मत आहे.

इथे शब्दाची एक अडचण नोंदवली पाहिजे. ‘प्रतिमान’ हा शब्द आपल्या समीक्षेत निराळ्या अर्थाने रुळलेला आहे. हिंदी पाठ्यपुस्तकांनी ‘गणितीय निदर्शन’ असा शब्द केला. तो मराठीत परका वाटतो. ‘मॉडेल’ म्हणावे तर आपल्या शाळांत मॉडेल म्हणजे थर्माकोल. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आई-वडिलांनी चिकटवलेले धरण, पवनचक्की, खाण्याच्या सोड्यावर चालणारा ज्वालामुखी. मी वर्गात सरळ ‘मांडणी’ म्हणतो.

मांडणी अभ्यासक्रमात आहे का? आहे, पण कुठे आहे ते पाहावे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या विचारांचे गणितीकरण हे शालेय गणिताचे ध्येय मानले. त्यानंतर एनसीईआरटीने तयार केलेल्या पुस्तकांत नववी, दहावी, अकरावी आणि बारावी या चारही इयत्तांना मांडणीवरचे प्रकरण आले आणि चारही इयत्तांत ते परिशिष्टात आले. वाचकांना परिशिष्टाचे पुस्तकातले स्थान माहीत आहे. उत्तरसूचीच्या शेजारी राहणारा हा पाहुणा. शिक्षकाने तिथवर पोचायचे ठरवले तरी तोवर सराव परीक्षा आलेली असते.

या प्रकरणांबद्दल माझी तक्रार मात्र त्यांच्या जागेपुरती नाही. त्यांत मांडणीच्या पायऱ्या दिल्या आहेत : प्रश्न समजून घ्या, गणिती रूप द्या, सोडवा, अर्थ लावा, पडताळा. जगभरच्या गणितशिक्षणाच्या पुस्तकांत याच पायऱ्यांचे वर्तुळ काढलेले असते, बाण दाखवून. वर्तुळ चुकीचे नाही. पण मी पाहिले आहे, की पायऱ्या फळ्यावर आल्या की मुले त्या वहीत उतरवतात आणि ‘गणिती मांडणीच्या पायऱ्या लिहा’ असा दोन गुणांचा प्रश्न जन्माला येतो. कविता शिकवताना रसग्रहणाचे मुद्दे पाठ करून घेण्यासारखेच हे. शिवाय या प्रकरणांतली पुष्कळ उदाहरणे जुन्या शाब्दिक उदाहरणांसारखीच निघतात, म्हणजे हव्या तितक्याच संख्या, आधीच केलेली निवड आणि शेवटी ‘पडताळा’ या शीर्षकाखाली दोन ओळी. त्यांनी हौदाचे कपडे बदलले आहेत, हौद तोच आहे.

खरा हौद वर्गात आणणे फार अवघड नाही. एका वर्षी नववीत हे उदाहरण चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, टाकी सरत आली की धार बारीक होते.” गच्चीवरच्या टाकीखाली राहणाऱ्या कुणालाही हे माहीत असते. मी दुसऱ्या दिवशी सरळ कडांचा पत्र्याचा डबा आणला, तळाजवळ खिळ्याने भोक पाडले, आतल्या बाजूने समान अंतरावर चार खुणा केल्या आणि मुलांना वेळ मोजायला बसवले. शेवटची खूण भोकाच्या पातळीला. टोरिचेलीने १६४४ मध्ये सांगितले, की भोकातून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यावरून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. डबा भरलेल्या पातळीपासून चौथाईवर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ ती शेवटची चौथाई रिकामी व्हायला लागतो. पहिल्या धारेच्या जोरावरून ‘एवढ्या वेळात डबा रिकामा होईल’ असा जो अंदाज निघतो, त्याच्या बरोबर दुप्पट वेळ प्रत्यक्षात लागतो. मुलांचे आकडे अर्थातच इतके देखणे आले नाहीत, शेवटी धारेचे थेंब झाले आणि ‘रिकामा’ कधी म्हणायचे यावर भांडण झाले. ते भांडण माझ्या दृष्टीने त्या तासाचा गाभा होता. ‘रिकामा’ हा शब्द पाठ्यपुस्तकात व्याख्येवाचून वापरला जातो, कारण तिथे त्याची गरज पडत नाही.

असे तास घेणाऱ्याला एक मोह होतो, आणि त्याबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते. शाळेबाहेरचे गणित शुद्ध, शाळेतले गणित कृत्रिम. बाजारात बसणाऱ्या मुलाला सगळे येते, शाळा ते मारून टाकते, अशी एक भावुक मांडणी आपल्या शिक्षणविषयक लेखनात फार दिसते. तिला आधार म्हणून ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचा अभ्यास सांगितला जातो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या पाच मुलांनी विक्रीतले हिशेब ९८ टक्के अचूक केले. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणांत घातले तेव्हा सुमारे ७४ टक्के आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा अवघे ३७ टक्के अचूक आले. अभ्यास महत्त्वाचा, पण मुले पाच. आपल्याकडेही असे काम झाले आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी मुंबईतल्या एका मोठ्या कष्टकरी वस्तीतल्या, घरच्या उद्योगांत हात लावणाऱ्या मुलांच्या मोजमापांचा आणि हिशेबांचा अभ्यास केला. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. बाजारातली मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करतात, पण वहीतल्या साध्या वजाबाकी-भागाकाराला अडतात. बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले वहीतले सोडवतात आणि बाजारातल्या हिशेबाला अडतात. भावुक मांडणी करणारे यातले पहिले वाक्य वाचून थांबतात. दुसरे वाक्य तितकेच महत्त्वाचे आहे. दोन्हीकडची मुले अर्धीच आहेत. पावकी-निमकी, सवायकी-दिडकी पाठ असलेली आपली जुनी पिढी बाजाराच्या हिशेबात तरबेज होती, म्हणून सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते तिला उमगत होते असे नाही.

सावकाराच्या वहीची जागा आता सूत्रांनी घेतली आहे, आणि माझ्या मते हा विषय माध्यमिक शाळेतच हवा तो याचसाठी. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी शिकवताना माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी सोयाबीन होते आणि पीकविमा होता. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत पिकाची भरपाई ठरते ती एका सूत्राने. ते सूत्र दहावीच्या अर्थनियोजनाच्या प्रकरणातल्या कुठल्याही सूत्राहून अवघड नाही. मागच्या सात वर्षांतली चांगल्यात चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने, समजा ७० टक्क्यांनी, गुणायचे. हे झाले उंबरठा उत्पन्न. यंदाचे सरासरी उत्पन्न उंबरठ्याच्या खाली आले, तर जितके टक्के ते खाली आले तितके टक्के विमा रकमेतून द्यायचे. हे उत्पन्न एकेका शेतकऱ्याचे नसते, विमा क्षेत्र घटकाचे असते. आपल्याकडे हा घटक म्हणजे बहुधा महसूल मंडळ. काही शेतांत पीक कापणी प्रयोग होतात, काही पिकांसाठी आता उपग्रहाच्या माहितीचाही त्यात वाटा असतो, आणि त्यावरून मंडळाचा आकडा निघतो.

मी वर्गाला दोन काल्पनिक मंडळे दिली. पहिल्या मंडळाचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न क्विंटलमध्ये असे : १८, ६, १५, २०, ९, १६, ११. चांगली पाच वर्षे २०, १८, १६, १५, ११, सरासरी १६, उंबरठा ११.२. दुसरे मंडळ अवर्षणाचे : १६, ७, ८, १५, ६, ९, ७. चांगली पाच १६, १५, ९, ८, ७, सरासरी ११, उंबरठा ७.७. विमा रक्कम दोन्हीकडे हेक्टरी ५०,००० रुपये. यंदा दोन्ही मंडळांत सरासरी ८.४ क्विंटल पिकले. पहिल्या मंडळात तूट २५ टक्के, भरपाई १२,५०० रुपये. दुसऱ्या मंडळात भरपाई शून्य, कारण ८.४ हे ७.७ च्या वर आहे.

वर्ग काही वेळ गप्प होता. मग एकाने विचारले, “म्हणजे सारखा दुष्काळ पडला, की तो दुष्काळ राहत नाही?” सूत्राचा याहून नेमका अर्थ मला तरी लावता आला नसता. सूत्राला सात वर्षांचीच आठवण असते. त्यातली वाईट दोन वर्षे ते उदारपणे विसरते, पण वाईट वर्षे पाच असली तर त्यातली तीन सरासरीत राहतातच आणि उंबरठा खाली ओढतात. दुसऱ्या एका मुलीचा प्रश्न आणखी पुढचा होता : “सर, मंडळाची सरासरी कोण काढतं? कुणाच्या शेतात कापणी करतात?” इथून पुढे दोन तास नमुना निवडीवर गेले, यादृच्छिक म्हणजे काय यावर गेले आणि ज्याच्या शेतात तीनच क्विंटल झाले त्यालाही, सतरा झाले त्यालाही तेवढेच पैसे का, यावर गेले. या शेवटच्या प्रश्नाला योजनेकडे उत्तर आहे : प्रत्येक शेत मोजणे खर्चाचे आहे, आणि प्रत्येकाचे मोजले तर मुद्दाम पीक बुडवणारेही निघतील. उत्तर वाजवी आहे. पण मुलांच्या घरी ते कुणी सांगितलेले नव्हते. घरी फक्त एवढेच माहीत होते, की शेजारच्या मंडळात पैसे आले आणि आपल्याकडे आले नाहीत. महाराष्ट्रात २०२३ मध्ये शेतकऱ्याचा हप्ता एक रुपया झाला आणि २०२५ मध्ये ती सवलत गेली. या एका रुपयावर गावात जेवढे बोलले गेले, त्याच्या शतांशानेही उंबरठ्यावर बोलले गेले नाही. रुपया सगळ्यांना कळतो. सूत्रातली ‘सात’ आणि ‘पाच’ या संख्या कुणी तरी निवडलेल्या आहेत, आणि त्या निराळ्याही निवडता आल्या असत्या, हे कळण्यासाठी मांडणीचे शिक्षण लागते.

यावर एक आक्षेप माझ्या सहकाऱ्यांनीच घेतला आणि तो हलका नाही. शाळेत विम्याचे सूत्र उकलून दाखवले, तर तो गणिताचा तास राहिला की नागरिकशास्त्राचा झाला? माझे म्हणणे असे, की सरासरी, टक्केवारी, नमुना आणि असमानता यांखेरीज त्या तासांत काहीही नव्हते. पण आक्षेपाची दुसरी बाजू खरी आहे. असे तास शिक्षकाच्या वाचनावर उभे राहतात. ज्याला योजनेचे नियम वाचायला वेळ नाही, ज्याच्या वर्गात साठ मुले आणि पस्तीस मिनिटे आहेत, त्याला मांडणी शिकवा म्हणणे सोपे आहे. वरून आलेल्या प्रशिक्षणात आम्हाला वर्तुळ आणि बाण मिळाले. सूत्राच्या आत शिरण्याचा सराव तिथे झाला नाही.

आणि गुण कसे द्यायचे? दहावीला बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत मूल्यमापन २०. लेखी परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात आणि उत्तर एकच असते. मांडणीच्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे असू शकतात, ही गोष्ट मंडळाच्या उत्तरपत्रिका-तपासणीला पेलणारी नाही, हे मी मान्य करतो. अंतर्गत वीस गुणांत मात्र जागा आहे, आणि मी ती वापरली. एका सहामाहीला चार गुणांचा प्रश्न असा घातला : गावाची लोकसंख्या १,८००, माणशी रोज २० लिटर पाणी टँकरने द्यायचे, टँकर १०,००० लिटरचा, तर रोज किती खेपा लागतील ते कारणासह लिहा. भागाकार ३.६ येतो. बहुतेक मुलांनी पूर्ण करून ४ लिहिले, कारण अर्धवट खेप होत नाही. अमेरिकेतल्या त्या सैनिकांच्या बसचा धडा त्यांनी नकळत गिरवला होता. काहींनी जनावरांचे पाणी धरून ५ लिहिले. ते धरले असल्याचे नमूद केले होते, म्हणून चालले. एका मुलीने ३.६ च ठेवले आणि खाली लिहिले : आमच्याकडे टँकर पाणी विहिरीत ओततो, लोक विहिरीतून नेतात, म्हणून पाच दिवसांत १८ खेपा झाल्या तरी पुरतात, रोज ४ सांगितल्या तर पाच दिवसांत दोन खेपांचे पैसे जास्त जातील. तिला मी चारही गुण दिले. तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलानेही ३.६ लिहिले होते. कारण लिहिले नव्हते. त्याला दोन.